हायपरसॉनिक विमानांचं रोबस्ट नियंत्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायपरसॉनिक म्हणजे नेमका किती वेग?

रूढ व्याख्येनुसार मॅक ५ च्या, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाच्या, पुढचा. पाच या आकड्यात जादू काही नाही. त्या सुमाराला हवा इतकी तापू लागते की तिचं वागणं पाठ्यपुस्तकातल्या सरळ समीकरणांपासून दूर जातं, म्हणून रेघ तिथे ओढली आहे. ३० किलोमीटर उंचीवर मॅक ६ म्हणजे सेकंदाला साधारण १.८ किलोमीटर. नाकापाशी अडलेल्या हवेचं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं.

विमान स्थिर ठेवण्याचं काम साधा ऑटोपायलटही करतो. मग इथे वेगळं काय लागतं?

ऑटोपायलट रचणाऱ्याच्या हातात विमानाचं गणिती मॉडेल असतं. शेपटीकडची झडप (विमान वळवणारी हलती फळी) एक अंश हलवली तर नाक किती उचलेल, बाजूने वारा लागला तर विमान किती वळेल, असे शेकडो गुणांक त्यात असतात. प्रवासी विमानाच्या बाबतीत हे गुणांक विंड टनेलमध्ये मोजता येतात, मग महिनोन् महिने चाचणी उड्डाणं करून तपासता येतात. हायपरसॉनिक विमानाला ही चैन नाही. जमिनीवरच्या टनेलमध्ये खरा वेग, खरं तापमान, खरी घनता आणि पुरेसा वेळ या चारही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. अनेक टनेलांत चाचणी मिलिसेकंदांत आटोपते. त्यामुळे पहिल्या उड्डाणाला निघालेलं विमान अंदाजांवरच निघालेलं असतं.

त्यात उड्डाण चालू असताना विमानही बदलत राहतं. इंधन संपतं, गुरुत्वमध्य सरकतो, तापलेली कातडी आणि सांगाडा मऊ पडतो, वेगानुसार झडपांचा जोर कमीजास्त होतो. एका मिनिटापूर्वी बरोबर असलेलं मॉडेल आता चुकीचं ठरू शकतं. मॉडेल असं काही प्रमाणात चुकलं तरी विमान स्थिर ठेवणारं नियंत्रण म्हणजे रोबस्ट नियंत्रण.

इंजिनाचं नियंत्रण आणि उडण्याचं नियंत्रण वेगवेगळं का ठेवत नाहीत?

ठेवता आलं असतं तर सगळ्यांनी ठेवलंच असतं. स्क्रॅमजेट म्हणजे ध्वनीहून वेगाने आत येणाऱ्या हवेतच इंधन जाळणारं इंजिन. अशा विमानात पुढचं पोट हेच इंजिनाचं तोंड असतं आणि मागचं पोट हेच त्याचं नॉझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारा भाग. विमानाच्या नाकापासून निघणारी धक्कालहर इंजिनाच्या तोंडाच्या कडेवर नीट बसली तरच पुरेशी दाबलेली हवा आत जाते. नाक अर्धा-एक अंश वर-खाली झालं की ही लहर सरकते, आत जाणारी हवा बदलते, जोर बदलतो. इंजिन गुरुत्वमध्याच्या खाली असल्यामुळे जोर वाढला की नाक वर उचललं जातं. नाक उचललं की पुन्हा आत जाणारी हवा बदलते. हे चक्र सोडवायला नियंत्रकाकडे सेकंदाचा अंशच असतो.

दुसरी भानगड लवचीकतेची. लांब, सडपातळ आणि हलका सांगाडा उडताना वाकतो. पुढचा भाग वाकला की धक्कालहरीच्या दृष्टीने नाकाचा कोन बदललाच. म्हणजे सांगाड्याचं कंपन थेट इंजिनात शिरतं. शिवाय फिरणं मोजणारा जायरोस्कोप ज्या जागी बसवला आहे तिथलं वाकणंही तो विमानाचं फिरणं म्हणून मोजतो. कंपन थांबवायला गेलेला नियंत्रक त्यामुळे कधी कधी ते वाढवून ठेवतो.

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतल्या मायकेल बोलेंडर आणि डेव्हिड डोमन यांनी २००७ च्या सुमारास हे सगळं जोडणारं एक मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यानंतरचे असंख्य शोधनिबंध त्याच मॉडेलवर किंवा त्याच्या सोप्या आवृत्तीवर उभे आहेत.

‘नॉन-मिनिमम फेज’ हा शब्द सगळीकडे दिसतो. तो एवढा महत्त्वाचा का?

कारण इथे निसर्ग अडवतो आणि गणिताच्या कोणत्याही युक्तीने तो अडसर दूर होत नाही. वेगातली मोटरसायकल डावीकडे झुकवायची तर हँडल क्षणभर उजवीकडे ढकलावं लागतं. शेपटीकडे झडपा असलेल्या विमानाचंही तसंच आहे. वर चढायचं तर झडप वर उचलून शेपूट खाली दाबावी लागते, त्या क्षणी एकूण उचल कमी होते आणि विमान आधी किंचित खाली जातं. नाक वर आल्यावर मग चढू लागतं.

सुरुवातीला असं उलट्या दिशेने जाणं म्हणजेच नॉन-मिनिमम फेज. नियंत्रकाने हा सुरुवातीचा उलटा झोका पाहून घाईने दुरुस्ती केली तर तो चुकीच्या दिशेने जोर लावतो. म्हणून उंची किंवा मार्गाचा कोन किती चपळाईने बदलता येईल यावर वरची मर्यादा पडते. मॉडेल उलटं करून भागणाऱ्या पद्धतीत, म्हणजे डायनॅमिक इन्व्हर्जनमध्ये, हा धोका मोठा असतो. उंची आज्ञेनुसार सुंदर पाळली जाते आणि आतल्या आत झडपांचा कोन बेफाम वाढत जातो.

काही निबंधांत यावर उपाय म्हणून नाकाजवळ छोटे पंख, कॅनार्ड, जोडलेले असतात. कागदावर प्रश्न सुटतो. पण विमानाचा जो भाग सर्वाधिक तापतो, त्याच्या शेजारी हलते पंख लावायला रचनाकार सहसा राजी होत नाही.

रोबस्ट नियंत्रण म्हणजे काहीही झालं तरी विमान सांभाळणारं नियंत्रण का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. रोबस्ट नियंत्रणाची हमी नेहमी सशर्त असते. रचनाकार आधी लिहून ठेवतो: हा गुणांक अंदाजापेक्षा इतके टक्के चुकेल, तो तितके, सेन्सरला इतका उशीर होईल, अमुक वारंवारतेच्या पुढे मॉडेलवर भरवसा नाही. या चौकटीत बसणाऱ्या प्रत्येक शक्य विमानासाठी नियंत्रक स्थिर राहील, एवढंच सिद्ध केलेलं असतं. चौकटीबाहेर कसलीही हमी नाही.

चौकट मोठी आखली तर नियंत्रक भित्रा होतो. सगळ्या शक्यता सांभाळायच्या म्हणून तो हळू चालतो, आणि हायपरसॉनिकमध्ये हळूपणाही घातक ठरू शकतो. चौकट लहान आखली तर पहिल्याच उड्डाणात खरं विमान तिच्याबाहेर सापडतं. माझ्या मते या क्षेत्रातला निम्म्याहून अधिक खरा निर्णय ही चौकट आखतानाच होतो. पद्धत कोणती वापरायची हा वाद त्यानंतरचा. खाली ज्या अपघातांची हकीकत आहे त्यांत हेच दिसतं.

गेन शेड्युलिंग आता जुनं झालं का?

निबंधांत झालं, हँगरमध्ये नाही. उड्डाणमार्गावर ठरावीक बिंदू निवडायचे, प्रत्येक बिंदूवर साधा रेषीय नियंत्रक बसवायचा आणि वेग, गतिज दाब (वेगामुळे पडणारा हवेचा दाब) वगैरेंनुसार त्यांचे गेन, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते आकडे, एकातून दुसऱ्यात मिसळत न्यायचे, ही पद्धत आजही सर्वाधिक उडते. तिचा मोठा गुण असा की प्रत्येक बिंदूवर किती राखीव आहे ते आकड्यात सांगता येतं. अमेरिकी लष्करी विनिर्देशात ६ डेसिबल गेन मार्जिन (गेन किती बदलला तरी चालेल) आणि ४५ अंश फेज मार्जिन (प्रतिसाद किती मागे पडला तरी चालेल) ही जुनी, सर्वांना कळणारी मोजपट्टी आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या समितीसमोर हे आकडे ठेवता येतात. उणीव अशी की विमान एका बिंदूवरून दुसऱ्यावर झपाट्याने जात असेल तर मधल्या प्रवासाची हमी आपोआप मिळत नाही. हायपरसॉनिक विमान नेमकं तेच करतं.

एच-इन्फिनिटी आणि म्यू-सिंथेसिस यांनी काय मिळवलं?

याचं मूळ एका निराशेत आहे. १९६० च्या दशकात इष्टतम नियंत्रणाची एलक्यूजी (लिनियर-क्वाड्रॅटिक-गॉसियन) पद्धत आली आणि अवकाशयानांवर तिचा बोलबाला झाला. १९७८ साली जॉन डॉयल यांनी दोन पानांच्या निबंधात दाखवलं की तिला स्थिरतेचं हमखास मार्जिन असं काही नसतंच. त्या निबंधाचा सारांश तीन इंग्रजी शब्दांचा आहे, ‘देअर आर नन’. नियंत्रणशास्त्रातला इतका आखूड सारांश दुसरा क्वचितच असेल.

१९८१ मध्ये जॉर्ज झेम्स यांनी एच-इन्फिनिटीची मांडणी केली: सर्वांत वाईट परिस्थितीत व्यत्यय किती मोठा होऊन बाहेर पडतो ते मोजा आणि तोच आकडा कमीत कमी करा. पुढच्याच वर्षी डॉयल यांच्या म्यू या संकल्पनेने त्यात अनिश्चिततेची रचना आणली. कोणती चूक कुठे शिरते हे माहीत असेल, तर सगळ्या चुकांचं एकच गाठोडं करून उगाच भित्रेपणा पत्करावा लागत नाही. हायपरसॉनिकसाठी हे फार उपयोगी आहे, कारण तिथे इंजिनाच्या जोरातली अनिश्चितता, झडपांच्या प्रभावातली आणि सांगाड्याच्या कंपनातली अशा चुका वेगवेगळ्या दारांनी येतात. तोटा म्हणजे तयार होणारा नियंत्रक बराच मोठा असतो, त्याला छाटावं लागतं आणि छाटल्यावर पुन्हा तपासावं लागतं.

स्लायडिंग मोड नियंत्रण खरंच इतकं अभेद्य आहे का?

सोव्हिएत संघात एमेल्यानोव्ह, उत्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली. अवस्थांच्या अवकाशात (कोन, वेग अशा राशी अक्षांवर मांडलेल्या गणिती अवकाशात) एक पृष्ठभाग ठरवायचा आणि प्रणाली त्याच्या ज्या बाजूला असेल तिथून तिला जोराने पृष्ठभागाकडे ढकलायचं. एकदा पृष्ठभागावर आली की नियंत्रणाच्याच वाटेने येणाऱ्या अनिश्चिततेचा तिच्यावर परिणामच होत नाही. ‘कमी होतो’ असं नव्हे, सिद्धांतात तो शून्य होतो. म्हणून आकर्षण मोठं.

प्रत्यक्षात झडप अनंत वेगाने इकडून तिकडे फिरू शकत नाही. पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना खडखडाट सुरू होतो, त्याला चॅटरिंग म्हणतात. लवचीक सांगाड्याच्या विमानात हा खडखडाट कंपनाला खतपाणी घालतो आणि झडपा हलवणाऱ्या तापलेल्या यंत्रणेचं, म्हणजे अॅक्च्युएटरचं, आयुष्य खातो. मग पृष्ठभागाभोवती जाड पट्टा आखून तो मवाळ करतात, म्हणजे मूळ हमीही पातळ होते. आरी लेव्हँट यांनी १९९३ मध्ये मांडलेली सुपर-ट्विस्टिंग पद्धत यातून बरीच चांगली वाट काढते.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक जवळची गोष्ट: या विषयात पवईत भरपूर काम झालं आहे. आयआयटी मुंबईच्या सिस्टम्स अँड कंट्रोल विभागात अनेक वर्षं काम केलेले बिजनान बंदोपाध्याय हे संगणकावर टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या डिस्क्रीट स्लायडिंग मोडसाठी जगभर ओळखले जातात. पुण्याजवळ गिरिनगरच्या डायट (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) या संस्थेतही क्षेपणास्त्रांच्या ऑटोपायलटसाठी व्यत्यय-निरीक्षकांवर संशोधन झालं आहे.

व्यत्यय-निरीक्षक म्हणजे काय?

मॉडेल सांगतं तसं विमान वागलं नाही, तर जो फरक पडला त्याला ‘एकूण व्यत्यय’ म्हणायचं, तो सतत अंदाजायचा आणि तेवढाच वजा करायचा. कारण वारा आहे, चुकीचा गुणांक आहे की वाकलेला सांगाडा, याची चौकशी करायची नाही. चीनमध्ये हान जिंगछिंग यांनी या विचाराला चांगलं रूप दिलं आणि तिथल्या हायपरसॉनिक संशोधनात तो खूप रुजला. व्यवहारी पद्धत आहे, मला आवडते. मात्र निरीक्षक जितका चपळ कराल तितका सेन्सरचा गोंगाटही झडपांपर्यंत पोचतो.

विमानच उडता उडता शिकलं तर? अॅडाप्टिव्ह नियंत्रणाने प्रश्न सुटत नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर एका अपघाताशिवाय देता येत नाही.

एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट विमान १९५९ ते १९६८ या काळात १९९ वेळा उडालं. तीन विमानांपैकी तिसऱ्यात हनीवेलची एमएच-९६ ही अॅडाप्टिव्ह प्रणाली होती. कल्पना चतुर होती: गेन वाढवत न्यायचा, प्रणाली किंचित थरथरू लागली की समजायचं आपण काठावर आलो, मग थोडा कमी करायचा. हवा विरळ असो की दाट, गेन आपोआप योग्य राहणार. तिची पहिली चाचणी नील आर्मस्ट्राँग यांनी डिसेंबर १९६१ मध्ये उडवून केली. अनेक वैमानिकांना ती पसंत होती आणि पुढे बरीच उड्डाणं नीट झाली.

१५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल अॅडम्स हे विमान घेऊन २,६६,००० फुटांपर्यंत गेले. चढताना एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विद्युत गडबड झाली होती. माथ्यावर पोचेपर्यंत विमानाची दिशा चुकली होती. अॅडम्स यांच्या समोरचा निर्देशक त्या वेळी रोल (विमानाचं कुशीवर कलणं) दाखवत होता आणि त्यांनी तो बहुधा बाजूचा सरकाव म्हणून वाचला. परतीत, मॅक ५ च्या आसपास, विमान फिरकीत सापडलं. त्यातून ते बाहेरही आलं, पण त्याच क्षणी पिचमध्ये, म्हणजे नाकाच्या वर-खाली होण्यात, आंदोलन सुरू झालं. खाली येताना हवा दाट होत होती, म्हणजे गेन झपाट्याने उतरायला हवा होता. आंदोलनात अडकलेल्या प्रणालीला तो उतरवताच आला नाही. भार वाढत गेला आणि सुमारे ६२,००० फुटांवर विमान फुटलं. अॅडम्स गेले.

ज्या थरथरीवरून प्रणाली शिकत होती, तीच थरथर झडपांच्या वेगमर्यादेला भिडल्यावर तिचा निकष निकामी झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीतून चार्ल्स रोर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेव्हाच्या अॅडाप्टिव्ह पद्धती, मॉडेलमध्ये न धरलेली जलद गतिकी आणि लहानसा व्यत्यय एकत्र आला तरी, अस्थिर होऊ शकतात. त्यानंतर सिद्धांत बराच सुधारला. २०१० मध्ये अनुराधा अन्नास्वामी यांच्या गटाने अॅडम्स यांच्या उड्डाणाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा ल्यापुनोव्हच्या स्थिरता-सिद्धांताच्या पायावर रचलेला आधुनिक अॅडाप्टिव्ह नियंत्रक सिम्युलेशनमध्ये तरला. ही चांगली बातमी आहे. पण त्या सिम्युलेशनला ते नेमकं संकट आधीच ठाऊक होतं, हेही ध्यानात असू द्या.

एक्स-४३ए चं पहिलं उड्डाण का फसलं? ते तर स्क्रॅमजेट होतं, नियंत्रण नव्हतं ना?

नासाच्या या चालकविरहित प्रयोग-विमानाचं २ जून २००१ ला स्क्रॅमजेट पेटण्याची वेळच आली नाही. त्याला वेगापर्यंत नेणारं पेगॅसस बूस्टर प्रक्षेपणानंतर काही सेकंदांतच डळमळलं, पंख तुटले आणि ते समुद्रावर नष्ट करावं लागलं. पेगॅसस हे अनुभवी रॉकेट. पण या वेळी ते नेहमीपेक्षा बऱ्याच कमी उंचीवरून, म्हणजे दाट हवेतून, सोडलं होतं. चौकशी समितीचा निष्कर्ष वाचण्यासारखा आहे: गणिती मॉडेल अचूक नव्हती, त्यांनी राखीव मार्जिन फुगवून दाखवलं आणि त्या मार्गासाठी नियंत्रण प्रणाली अपुरी पडली. वायुगतिकी आणि पंख हलवणारी यंत्रणा या दोन्हींच्या मॉडेलमध्ये खोट होती. अनिश्चितता पुरेशी मोकळेपणाने बदलून पाहिली नव्हती.

पुढची दोन उड्डाणं ४०,००० फुटांवरून सोडली आणि ती यशस्वी झाली: मार्च २००४ मध्ये सुमारे मॅक ६.८, नोव्हेंबर २००४ मध्ये मॅक ९.६ च्या पुढे.

एचटीव्ही-२ चं काय झालं?

एप्रिल २०१० मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेचं हे ग्लायडर नवव्या मिनिटाला संपर्काबाहेर गेलं. समितीच्या मते अंदाजापेक्षा जास्त यॉ (नाक डावी-उजवीकडे वळणं) झालं, ते रोलमध्ये मिसळलं आणि उपलब्ध नियंत्रणशक्ती कमी पडली. इथे गेन बदलून फायदा नव्हता, झडपांमध्ये तेवढा जोरच शिल्लक नव्हता. म्हणून दुसऱ्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य हलवला, अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन) कमी केला आणि झडपांच्या मदतीला दिशा सांभाळणारे छोटे जेट दिले. ऑगस्ट २०११ मध्ये मॅक २० ला सुमारे तीन मिनिटं ते नियंत्रणात राहिलं. नंतर कातडीचे तुकडे सुटून आलेल्या धक्क्यांनी उड्डाण संपलं.

रोबस्ट रचनेने कुणाला वाचवलं असं एखादं उदाहरण?

आहे, आणि ते नावाजलेलं आहे. १४ एप्रिल १९८१ ला कोलंबिया शटल पहिल्यांदा परतताना मागची बॉडी फ्लॅप अंदाजाच्या दुपटीहून जास्त खाली वळवावी लागली, सुमारे १६ अंश. इतक्या तापमानाला हवेचे रेणू फुटतात, त्यामुळे पोटावरचा दाब जमिनीवरच्या चाचण्यांपेक्षा वेगळा पडला होता. फ्लॅपची मर्यादा २२.५ अंश होती म्हणून निभावलं. त्याच परतीत मॅक २४ च्या सुमारास पहिलं वळण घेताना विमान बाजूला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सरकलं, कारण जेटचा झोत आणि भोवतालची विरळ हवा यांचा आपसातला परिणाम चुकीचा धरला होता. झोके विरले. यंग आणि क्रिपेन सुखरूप उतरले. ज्यांनी फ्लॅपला ती जास्तीची हालचाल ठेवली होती त्यांना हे श्रेय कुणी फारसं देत नाही.

न्यूरल नेटवर्क?

सहायक म्हणून चालेल, जसं की गुणांकांचा अंदाज सुधारायला किंवा सेन्सरचा बिघाड ओळखायला. पूर्ण नियंत्रण त्याच्या हाती द्यायला शिकवणीचा विदा (डेटा) लागतो, आणि हायपरसॉनिक उड्डाणांचा विदा जगातच तुटपुंजा आहे. सिम्युलेशनमधून काढलेल्या डेटावर शिकवलं तर मॉडेलमधली चूकही ते इमानाने शिकतं.

भारतात कुठवर आलं आहे?

इस्रोच्या आरएलव्ही-टीडी या पुन्हा वापरता येणाऱ्या यानाच्या प्रयोग-नमुन्याने २३ मे २०१६ ला ६५ किलोमीटर उंचीवरून मॅक ५ च्या आसपासच्या वेगाने उतरताना स्वतःचं नियंत्रण सांभाळून दाखवलं. त्याच वर्षी २८ ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून स्क्रॅमजेट इंजिनं ५ सेकंद पेटली. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या हायपरसॉनिक प्रयोग-यानाने ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून ३० किलोमीटर उंचीवर मॅक ६ चं उड्डाण २० सेकंदांहून अधिक काळ स्क्रॅमजेटवर केलं. पुढे आरएलव्हीच्या पंखांच्या यानाने चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४ मध्ये तीन वेळा आपोआप धावपट्टीवर उतरून दाखवलं. ते उतरणं हायपरसॉनिक नव्हतं, पण परतीच्या यानाचं शेवटचं टोक तेच असतं.

मला हे शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नासाच्या लँग्ली केंद्राने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेलं विंग्ड-कोन मॉडेल घ्या. त्यात फक्त पिच, वेग आणि उंची एवढंच ठेवा आणि आधी गेन शेड्युलिंगच करा. चाललं की अॅक्च्युएटरला वेगमर्यादा आणि कोनमर्यादा लावा, सेन्सरला २० मिलिसेकंद उशीर द्या, गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकवा. बरेचसे देखणे आलेख इथेच कोलमडतात. मगच एच-इन्फिनिटी, मगच सुपर-ट्विस्टिंग. प्रत्येक वेळी गुणांक यादृच्छिक बदलून हजारेक उड्डाणं चालवा आणि सरासरीऐवजी सर्वांत वाईट दहा उड्डाणं उघडून बघा.

या विषयावरचा निबंध वाचताना आधी काय तपासावं?

झडपांचे आलेख. उंची आणि वेगाचे आलेख सगळ्याच निबंधांत छान येतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. झडप किती अंश फिरली, सेकंदाला किती अंश फिरली, ती मर्यादेला किती वेळा टेकली आणि टेकल्यावर नियंत्रकाने काय केलं, हे दिलंय का पाहा. मग अनिश्चिततेचा तक्ता शोधा. सगळे गुणांक एकाच दिशेने २० टक्के वाढवलेले असतील तर ती चाचणी सोपी आहे. एक वाढवला, दुसरा घटवला, गुरुत्वमध्य मागे नेला आणि इंजिन मध्येच बंद पाडलं, असं कुणी केलं असेल तर तो निबंध सावकाश वाचा.